पुन्हा सांग

"हसत हसत, बंधू-भगिनींनो, हसत हसत त्यानं मृत्यूला मिठी मारली!"

आमदारांनी हात उंचावला आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. आंबळेवाडीच्या शाळेसमोरच्या पटांगणात बायका-माणसं दाटीवाटीनं बसली होती. शेजारच्या चार वाड्यांतूनही लोक आले होते. चौथऱ्यावर हैबतीचा अर्धपुतळा होता, हार घातलेला. कारागिरानं त्याला झुपकेदार मिशा दिल्या होत्या. हैबतीला मिशी नव्हती. ती नीट येतच नाही म्हणून आम्ही सगळे त्याची टर उडवायचो.

ही गोष्ट फेब्रुवारी १९७४ची. लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. नाईक हैबती सपकाळला मरणोत्तर वीरचक्र मिळालं होतं आणि गावानं स्मारक उभारलं होतं. रेजिमेंटतर्फे कुणीतरी जायला हवं होतं. मराठी वाचून दाखवू शकेल असा, म्हणून मला पाठवलं. मी हवालदार त्र्यंबक डुंबरे, गाव ओतूर. हैबतीची आणि माझी भरती एकाच दिवसाची. निघताना सुभेदारसाहेब म्हणाले होते, "जो कागज पे है, वही पढना. और कुछ नहीं."

समोरच्या खुर्चीत वत्सलावहिनी बसल्या होत्या. वय असेल बावीस-तेवीस. मांडीवर चार वर्षांची छबू, लिमलेटची गोळी चघळत होती. आमदार 'हसत हसत' म्हणाले तेव्हा वहिनींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. लोकांना वाटलं, रडतायत. मी स्टेजवर होतो, मला दिसत होतं. त्या रडत नव्हत्या. त्यांनी दातावर दात दाबून धरले होते.

मग माझं नाव पुकारलं. मी कागद उघडला आणि वाचला.

"...टेकडीवरील अधिकारी धारातीर्थी पडल्यावर नाईक सपकाळ यांनी एकट्याने सहा तास तोफांच्या माऱ्याला दिशा दिली. शत्रूने टेकडीला तिन्ही बाजूंनी वेढले असता त्यांनी स्वतःच्या ठाण्यावरच मारा मागितला. या माऱ्यात शत्रूची तुकडी नष्ट झाली. नाईक सपकाळ यांना वीरगती प्राप्त झाली."

'तुकडी नष्ट झाली'ला पुन्हा टाळ्या. टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. पहिल्या रांगेत, जुन्या कोटावर चार पदकं लावून बसलेला म्हातारा. हैबतीचे वडील, दौलती सपकाळ. गाव त्यांना तात्या म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले होते, हवालदार होऊन निवृत्त झाले होते. 'स्वतःच्या ठाण्यावरच' हे शब्द मी वाचले आणि त्यांची मान झटकन वर झाली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, खाली उतरलो, तरी ते बघतच होते.

जेवणं झाली. आमदारांची जीप धुरळा उडवत गेली. माझी एसटी पाचला होती. मी हात धुऊन उभा होतो तेवढ्यात तात्या आले.

"डुंबरे, जरा घराकडं चल. एसटीला येळ हाय."

घर दोन खणांचं, समोर पडवी. तात्यांनी घोंगडी टाकली, मला बसवलं, स्वतः भिंतीला टेकून बसले. पदकं काढून त्यांनी रुमालात बांधली. मग एकदम म्हणाले,

"तोफा आपल्याच व्हत्या."

"होय, तात्या."

"हितं कुणाला कळलं न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजीवल्या. मला दोन वर्सं सांगत्यात, दुश्मनाच्या माऱ्यात गेला." मग ते म्हणाले, "मी इटलीत बघितलंय. पुढं माणूस असतो, मागं तोफा असत्यात. मधी एक जण असतो. ऐकणारा. हैबतीचं कोण ऐकत व्हतं?"

सुभेदारसाहेबांचं वाक्य डोक्यात होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढं ते टिकलं नाही.

"मी," म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते मांडवातच कळलं असावं.

"सांग."

मी सांगायला लागलो. पुढं टेकडीवर बसलेला माणूस शत्रू बघतो आणि नकाशावरचे आकडे वायरलेसवरून मागं कळवतो. मागं चार मैलांवर तोफा. त्यांना झाडीपलीकडचं काही दिसत नाही. आकडे आले की ती जागा नकाशावर टाचणीनं टोचायची, कोन आणि अंतर काढायचं, तोफांना द्यायचं, हे माझं काम. मी मॅट्रिकला गणितात बरा होतो म्हणून मला ते मिळालं होतं. हैबती पुढच्या ठाण्यावर, कॅप्टनसाहेबांबरोबर वायरलेस सांभाळायचा.

त्या सकाळी धुकं होतं. धुक्यातूनच शत्रू आला. आठ वाजता कॅप्टनसाहेब गेले. त्यानंतर सेटवर एकटा हैबती. आवाज असा थंड, जसा कुणी दुकानात यादी वाचून दाखवतोय. आकडे सांगायचा, गोळे पडले की "डावीकडं शंभर" म्हणायचा, पुन्हा आकडे. दुपारपर्यंत त्यानं तीन हल्ले परतवले. नाल्यात आपली पायदळाची एक प्लाटून होती, ती त्याच्याच भरवशावर टिकून होती.

"दोन वाजून पाच मिनिटांनी त्यानं आकडे दिले," मी म्हणालो. "मी नकाशावर टाचणी लावायला गेलो तर तिथं आधीच टाचणी होती. त्याची."

आतल्या खोलीच्या दाराशी काहीतरी हललं. वत्सलावहिनी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. तात्यांनी पाहिलं. पण त्यांना जा म्हणाले नाहीत.

"मग?"

"मग मी म्हणालो, पुन्हा सांग."

"त्यानं सांगितलं?"

"तेच आकडे. त्याच आवाजात. म्हणाला, वर चढतायत, पन्नास-साठ आहेत, खाली नाल्यात उतरले तर प्लाटून संपली. माझ्या मागं लेफ्टनंटसाहेब उभे होते. त्यांनी विचारलं, क्या बोला? मी म्हणालो, साहेब, आवाज साफ येत नाही."

"येत नव्हता?"

"येत होता, तात्या. इथं तुमचा येतोय तसा."

तात्यांनी डोळे मिटले.

"मी पुन्हा म्हणालो, हैबती, आकडे चुकले असतील, पुन्हा बघून सांग. तो म्हणाला, आकडे बरोबर आहेत त्र्यंबक, दे. मी साहेबांना परत तेच सांगितलं, सेट खराब आहे. मी काय करत होतो मलाच कळत नव्हतं. वाटत होतं, एवढ्यात काहीतरी होईल. तो म्हणेल, थांब, ते परत फिरले. म्हणून मी तिसऱ्यांदा म्हणालो, पुन्हा सांग."

 पुढचं दोन वर्षांत मी कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

"तिसऱ्यांदा तो रडत होता. लहान पोरं रडतात तसा, हुंदके देत. म्हणाला, मला परत परत म्हणायला लावू नको रे. मला जगायचंय, त्र्यंबक. आणखी एकदा विचारलंस तर मी नको म्हणेन."

वहिनींनी दाराची चौकट धरली.

"मग मी कोन काढला. अंतर काढलं. साहेबांना दिलं. सहा तोफा होत्या, सहाही सुटल्या. सेट थोडा वेळ खरखरला. मग तीही खरखर थांबली."

"आकडे आल्यापास्नं किती येळ गेला?" तात्यांनी विचारलं.

"सात मिनिटं."

"सात मिनिटांत काय झालं?"

म्हातारा सैनिक होता. तो हे विचारणार हे मला कळायला हवं होतं.

"वीसेक जण टेकडी ओलांडून नाल्यात उतरले होते, तात्या. आपले नऊ गेले."

तात्यांनी तोंड दुसरीकडं केलं.  मला वाटलं, आता ते उठतील आणि मला चालता हो म्हणतील. खरं तर त्यांनी तसं म्हणावं असंच मला वाटत होतं.

पण बोलल्या त्या वत्सलावहिनी. त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"भावजी, ते रडत व्हते?"

"होय, वहिनी."

"जगायचंय म्हणाले?"

"होय."

"तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगत न्हाई न्हवं?"

"आईशपथ नाही, वहिनी."

त्या मटकन खाली बसल्या, जमिनीवरच. पदरानं तोंड झाकून घेतलं. आणि मग त्या माउलीला जे रडू फुटलं ते ऐकवत नव्हतं. छबू मागून आली आणि आईचा पदर ओढायला लागली.

"दोन वर्सं," त्या हुंदक्यांतून म्हणाल्या, "दोन वर्सं जो येतो तो सांगतो, हसत हसत गेले. कलेक्टर म्हणाले, गुरुजी म्हणाले, पेपरात आलं. मी रातन्‌दीस त्यांच्यावर राग धरला, तात्या. म्हटलं, आमाला टाकून जाताना ह्या माणसाला हसू आलं तरी कसं? ही एवढीशी पोर घरात, आन हसू आलं? मी त्यांच्या फोटोला हात लावला न्हाई दोन वर्सं. कुणाला सांगू हे?"

तात्या वहिनींकडे बघत राहिले. सून एका घरात राहून हे उरात घेऊन वावरत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वहिनींनी डोळे पुसले. "तात्या, ते शब्द काडून टाका."

कोणते ते सांगायला लागलं नाही. पुतळ्याखालच्या काळ्या दगडावर सकाळीच आम्ही सगळ्यांनी वाचले होते. 'मातृभूमीसाठी हसत हसत मृत्यूला कवटाळणारा आंबळेवाडीचा सुपुत्र.'

तात्या उठले. आत गेले, छिन्नी आणि हातोडी घेऊन बाहेर आले आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागोमाग निघालो.

मांडवाच्या कनाती सोडणं चाललं होतं. म्हातारा चौथऱ्यापाशी गुडघे टेकून बसला आणि पहिला घाव घातला तशी माणसं धावत आली. सरपंच हातातला कागदांचा गठ्ठा टाकून पुढं झाले.

"तात्या! अवो काय करताय? आत्ता सकाळी उद्‌घाटन झालं!"

"दोन शब्द चुकल्यात."

"चुकलेत म्हंजी? आमदारसाहेबांनी सोता निवडलेला मजकूर हाय! लोक काय म्हंतील?"

"लोकांचं पोरगं न्हाई ते." तात्यांनी मान वर केली नाही. "तो हसला न्हाई. त्याला मरायचं न्हवतं. तरी मेला. समजलं तर बघा, न्हाई तर सोडा."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी युनिफॉर्ममध्ये होतो, सरकारी माणूस होतो, काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी तात्यांच्या शेजारी जाऊन बसलो. दगड कठीण होता. तात्यांच्या बोटांतून रक्त आलं, मी छिन्नी मागितली तर दिली नाही. अर्ध्या तासानं ते उठले तेव्हा दोन शब्दांच्या जागी ओबडधोबड खळगा होता. एव्हाना पन्नासेक माणसं जमली होती. 

एसटीच्या थांब्यापर्यंत तात्या माझ्याबरोबर आले.  वडाखालच्या दगडावर बसल्यावर त्यांनी रुमालानं बोट गुंडाळलं.

"डुंबरे, तू माझ्या पोराला तीनदा मरायला लावलंस."

"होय, तात्या."

"मला त्याचा राग हाय का न्हाई, मला अजून कळत न्हाई. माझ्या सुनेला तू आज माणसात आणलंस, ते बी मी बघितलं." घाटातून येणाऱ्या गाडीचा आवाज यायला लागला होता. "पर तू हितं आलास. त्या नऊ घरी कोण गेलं?"

मी गाडी येणाऱ्या वाटेकडं बघितलं.

"सांग की. त्यांचं बी कुणी ऐकत बसलं आसंल. हसत गेले म्हणून. काय झालं त्ये त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"नावं ठावं हायत?"

"पाठ आहेत."

"मग झालं तर."

गाडी आली. मी त्यांना सॅल्यूट केला. त्यांनी केला नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मला एक पोस्टकार्ड आलं. पत्ता पोस्टमास्तरकडून लिहून घेतलेला, मजकूर तात्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, एकच शब्द. 'किती?'

मी तोवर एकाही घरी गेलो नव्हतो. कार्ड तीन दिवस खिशात ठेवून फिरलो आणि मग सुट्टीचा अर्ज टाकला. पहिलं घर भोर तालुक्यात होतं. तिथं मेलेल्याचा थोरला भाऊ शेतात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला, मी चहा पिईपर्यंत समोर बसून राहिला. मग म्हणाला, "आता जा. परत ह्या गावात दिसू नको." दापोलीजवळ एका बापानं मला काठीनं मारलं आणि दमल्यावर तिथंच बसून विचारलं, लागलं का. कागलला मेलेल्याची आई ठार बहिरी निघाली. मी बोलत होतो आणि ती लेकाचा दोस्त आला म्हणून माझ्या गालांवरून हात फिरवत होती. शेवटी मला तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. माझ्यामुळं मेला! माझ्यामुळं! अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. तिनं हात काढून घेतला.

दर दसऱ्याला कार्ड यायचं. किती? मी उलट टपाली आकडा कळवायचो. तीन. चार. एकदा दोन वर्षं तोच आकडा कळवला, तर तिसऱ्या वर्षी कार्ड दसऱ्याची वाट न बघता आलं. तात्या १९८३ साली वारले, तेव्हा सात झाली होती. मला वाटलं, सुटलो. त्या दसऱ्याला कार्ड आलं. अक्षर बाईचं, शाईचं, एक एक अक्षर सुटं काढलेलं. वहिनी छबूच्या पाटीवर लिहायला शिकल्या होत्या. मजकूर तोच.

नववं घर बीडकडचं होतं. ते माझ्यानं होईना. तो पोरगा सर्वांत लहान, एकोणीस वर्षांचा. १९८९च्या उन्हाळ्यात गेलो. तोवर मी फौजेतून निवृत्त झालो होतो. घरी आई-बाप दोघंही उरले नव्हते. बहीण होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आईनं जाताना विचारलं होतं, त्याला पाणी तरी मिळालं का. तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं.

मी आंबळेवाडीला कळवलं, नऊ. आठ दिवसांत उत्तर आलं. 'दहावं घर राहिलं. आमचं. छबू मोठी झाली. तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. या.'

मी गेलो. पडवी तीच होती, आता तिला शहाबादी फरशी होती. छबू कराडला कॉलेजात शिकत होती. उंच, बापासारखी रुंद कपाळाची. वहिनी तिच्या शेजारी बसल्या. मी पहिल्यापासून सांगितलं, काही गाळलं नाही. तोवर मी ते दहा वेळा सांगितलं होतं, शब्द न शब्द पाठ झाला होता. नाल्यातल्या नऊ जणांची नावं सांगितली, घरं सांगितली. तिचा बाप शेवटी काय म्हणाला तेही सांगितलं. 

मला वाटत होतं, हिला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. नऊ घरांपैकी ज्यांनी विचारलं त्या बहुतेकांनी एकच विचारलं होतं, तीनदा का विचारलंस, पहिल्यांदाच का नाही दिलंस. त्याचं उत्तर मी देत आलो होतो. चुकलो म्हणून, डोकं खाली घालून.

छबूनं माझ्याकडे बघितलं.

"आणखी एकदा विचारलंत तर नको म्हणेन, असं म्हणाले?"

"होय, बाळ."

"मग का नाही विचारलंत?"

वहिनींनी तिचा हात घट्ट धरला. पण तिला गप्प बस म्हणाल्या नाहीत. त्याही माझ्याकडेच बघत होत्या.